हाँगकाँग की सिंगापूर? सुट्टीच्या प्रश्नाला इतिहासाचं उत्तर

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे सहलीचं काय मध्येच? पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला पानिपतापेक्षा हा प्रश्न जास्त वेळा विचारला जातो. "यंदा बाहेर जायचंय. पाच-सहा दिवस आहेत. सिंगापूर करावं की हाँगकाँग?" आणि विचारणाऱ्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "तसं दोन्हीकडे सारखंच आहे म्हणा. उंच इमारती, मॉल, समुद्र."

सारखं दिसतं, हे खरं आहे. दोन्ही ब्रिटिशांनी वसवलेली बेटं, दोन्ही बंदरं, दोन्हीकडे बहुसंख्य चिनी वस्ती. पण मला आज असं सांगायचंय की ही दोन शहरं एकाच व्यापारातून वाढली, त्या व्यापाराचं तिसरं टोक आपल्या मुंबईत होतं, आणि पुढं या दोन शहरांनी आपल्या भूतकाळाचं जे केलं ते एकदम वेगळं आहे. तो वेगळेपणा कळला की कुठं जायचं हे ठरवणं सोपं जातं. निदान तिथं गेल्यावर काय बघायचं, हे तरी नक्की कळतं.

दोन बेटं, दोन तारखा

सुरुवात सिंगापूरपासून करू. जानेवारी १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स या बेटावर उतरला. ६ फेब्रुवारीला त्यानं जोहोरचा सुलतान म्हणून हुसेन शाहला मान्यता दिली आणि त्याच्याशी व तिथल्या तेमेंगगोंग अब्दुल रहमानशी करार करून वखारीची परवानगी मिळवली. म्हणजे गादीवर कुणी बसायचं हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्याकडूनच जागा घ्यायची. मराठी माणसाला ही पद्धत नवी वाटू नये. त्याच्या आदल्याच वर्षी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली होती आणि साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंहांना कंपनीनंच बसवलं होतं.

रॅफल्सला ही जागा कशासाठी हवी होती? नकाशा डोळ्यापुढं आणा. भारतातून चीनला जाणारं जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं. त्या वाटेवर डचांचा वरचष्मा होता. सामुद्रधुनीच्या तोंडावर आपलं एक बंदर हवं, जिथं जकात नाही, कुणीही यावं, माल उतरवावा, विकावा. हे होतं सिंगापूर.

आता हाँगकाँग. २६ जानेवारी १८४१ रोजी ब्रिटिश आरमारानं तिथं झेंडा रोवला. तारीख ऐकून तुम्ही हसताय, पण तो योगायोग आहे! त्या मोहिमेच्या फौजेत हिंदी शिपाईही होते. लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री पामरस्टन नाराज झाला, की एवढी लढाई करून हे ओसाड बेट काय मिळवलंत? पुढं १८४२ च्या नानकिंग तहानं ते बेट ब्रिटनला कायमचं मिळालं, १८६० मध्ये समोरचा कौलूनचा तुकडा मिळाला, आणि १८९८ मध्ये मागचा मोठा मुलूख ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. हा ९९ चा आकडा लक्षात ठेवा. हाँगकाँगची पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

दोन्हीकडे गेलात तर एक छोटी गोष्ट जरूर करा. सिंगापूरमध्ये 'बीच रोड' नावाचा रस्ता आहे, तिथं उभे राहा आणि किनारा शोधा. सापडणार नाही, समुद्र बराच लांब गेलाय. हाँगकाँगमध्ये शेउंग वान भागात 'पझेशन स्ट्रीट' आहे, झेंडा रोवला ती जागा. ती तेव्हा काठावर होती, आज इमारतींच्या मधोमध आहे. सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा सुमारे ५८० चौरस किलोमीटर होतं, आज ७३० च्या वर आहे. सात बेटं जोडून उभ्या राहिलेल्या शहरातल्या लोकांना, भरणी म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

पेटी कुठून निघायची?

आता मुख्य मुद्दा. या बंदरांतून जायचं काय? चहा, रेशीम, कापूस, मसाले, कथील, सगळंच. पण ज्या मालामुळं हाँगकाँग ब्रिटिशांकडं आलं, तो माल म्हणजे अफू.

शाळेत आपण 'अफूचं युद्ध' असं दोन ओळींत वाचतो. त्यात बहुधा असं लिहिलेलं असतं, की इंग्रजांनी चिनी लोकांना अफू विकली. बरोबर आहे. पण अफू पिकायची कुठं? एक बंगाल-बिहारकडं, जिथं कंपनीचा मक्ता होता; ती अफू कलकत्त्याला लिलावात विकली जायची. आणि दुसरी माळव्यात. माळवा म्हणजे कुणाचा मुलूख? शिंदे आणि होळकरांचा. उज्जैन, इंदूर, मंदसोर. तिथं कंपनीचा मक्ता चालत नव्हता. खाजगी सावकार, मारवाडी आणि गुजराती पेढ्या शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायच्या, माल उचलायच्या आणि किनाऱ्याकडं पाठवायच्या. आधी बरीच अफू पोर्तुगीजांच्या दमणमार्गे चोरून जायची. १८३० च्या सुमारास कंपनीनं हिशेब केला, की अडवता येत नाही तर निदान कर घ्यावा. पास काढा, पैसे भरा आणि माल मुंबईमार्गे न्या. तिथून पुढं मुंबई बंदर या व्यापाराचं मोठं केंद्र झालं.

मुंबईत तो माल चीनला पाठवणारे कोण होते? पारशी, मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान आणि बगदादी ज्यू व्यापारी. त्यातलं सर्वांत मोठं नाव सर जमशेटजी जीजीभॉय. १८०५ मध्ये ते ज्या जहाजातून चीनला निघाले होते ते फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली. पुढं हाच जार्डिन 'जार्डिन मॅथेसन' या, चीनच्या किनाऱ्यावरच्या सर्वांत बलाढ्य पेढीचा संस्थापक झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले सर्वांत मोठे भागीदार. १८३९ मध्ये चिनी सम्राटाचा आयुक्त लिन झेशू यानं कँटनमध्ये वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा हादरा मुंबईच्या पेढ्यांनाही बसला. युद्ध झालं, आणि तहात चीनवर दोन कोटी दहा लाख डॉलरचा दंड बसला. त्यातले साठ लाख निव्वळ नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून.

आता मुंबईत नजर टाका. जे. जे. हॉस्पिटल, १८४५. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७. लेडी जमशेटजींच्या पैशातून माहीमचा कॉजवे. दुसरं घराणं ससून. डेव्हिड ससून १८३० च्या दशकात मुंबईत आले, त्यांच्या मुलांनी शांघाय-हाँगकाँगला पेढ्या काढल्या, कापसाबरोबर अफूचाही मोठा व्यापार केला. मुंबईतला ससून डॉक त्यांचा, आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. या लोकांनी अफूखेरीज इतरही व्यापार केला आणि दानधर्म मनापासून केला, यात शंका नाही. आजही हजारो गरीब रुग्ण त्या दवाखान्यांत बरे होतात. पण पैशाची एक वाट माळव्याच्या शेतातून चीनच्या अफूच्या अड्ड्यापर्यंत जात होती, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहायला हव्यात.

सिंगापूरचं काय? तिथं अफू नुसती पुढं जात नव्हती, तिथंच ओढलीही जात होती. जकात नसलेल्या बंदरात सरकारचा खर्च कसा भागवायचा? मक्ते देऊन. अफूचा मक्ता, दारूचा मक्ता. मक्तेदार बहुधा श्रीमंत चिनी व्यापारी, आणि गिऱ्हाईक म्हणजे दिवसभर ओझी वाहणारा, कथलाच्या खाणीत आणि मिरीच्या मळ्यात राबणारा चिनी मजूर. एकोणिसाव्या शतकात बराच काळ सिंगापूर सरकारच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा एकच स्रोत अफू हा होता. विसाव्या शतकात मक्ते गेले आणि दोन्ही शहरांत सरकारनं स्वतःच अफू विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते चाललं.

म्हणजे स्वच्छ, शिस्तीचं म्हणून आपण ज्या शहराचं कौतुक करतो, त्याचा पाया हा होता. नाक मुरडायला म्हणून मी हे सांगत नाही. आपण तिघेही एकाच कुटुंबातले आहोत, एवढंच सांगतोय.

हाँगकाँगमध्ये मुंबई कुठं दिसते?

व्हिक्टोरिया हार्बर ओलांडणारी हिरवी-पांढरी 'स्टार फेरी' तुम्ही फोटोत पाहिली असेल. हाँगकाँगला गेलेला प्रत्येक माणूस तिच्यात बसतो. ती सुरू कुणी केली? डोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थानं. १८८८ मध्ये त्यांनी कौलून फेरी कंपनी काढली, १८९८ मध्ये तिची स्टार फेरी झाली. तिकीट आजही स्वस्त आहे, आणि दहाएक मिनिटांत तुम्ही पलीकडं असता.

हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत बघा. तिच्यासाठी दीड लाख डॉलर देणारे सर होरमसजी नवरोजी मोदी मुंबईचेच. १९१० मध्ये कोनशिला बसली, १९११ मध्ये मोदी वारले, १९१२ मध्ये विद्यापीठ उघडलं. त्यांनी पूर्ण झालेली इमारत पाहिली नाही. कौलूनमध्ये त्यांच्या नावाचा मोदी रोड आहे. हाँगकाँग-शांघाय बँक १८६५ मध्ये सुरू झाली, तिच्या स्थापनेच्या समितीतही पारशी आणि ससून मंडळी होती. हॅपी व्हॅलीत, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासमोर, १८५२ पासूनची पारशी दफनभूमी आहे. दोखमा नसल्यामुळं तिथं पारशी लोक मृतांना पुरू लागले. परमुलुखात राहायचं तर धर्माचारालाही मुरड घालावी लागते, ते त्या शांत जागेत कळतं.

आणि एक दुवा असा आहे, जो मराठी इतिहासाच्या अगदी मध्यावर येऊन आदळतो. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या ताईपिंगशान या दाट चिनी वस्तीत गाठीचा प्लेग पसरला. अडीच हजारांवर माणसं मेली. जून १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिननं तिथंच प्लेगचा जंतू शोधला. सरकारनं काय केलं? गोरे सोल्जर घरोघरी घुसवले. रोगी शोधा, उचला, सामान जाळा, भिंतींना चुना फासा. चिनी समाज संतापला. तुंग वाह रुग्णालयाच्या कारभाऱ्यांनी निषेध केला, हजारो लोक शहर सोडून गेले.

दोन वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. तो हाँगकाँगकडच्या जहाजांतून आला, असंच बहुतेक इतिहासकार मानतात. १८९७ मध्ये पुणं. तीच सोल्जरची घरझडती, तोच संताप, रँडची नेमणूक आणि २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली गोळी. चापेकर बंधूंची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण तिची रंगीत तालीम तीन वर्षं आधी हाँगकाँगच्या गल्लीत झाली होती, आणि सरकार त्यातून काही शिकलं नव्हतं, हे सहसा सांगितलं जात नाही. त्याच साथीत, मार्च १८९७ मध्ये, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

ताईपिंगशानची ती वस्ती सरकारनं पाडून टाकली. आज तिथं ब्लेक गार्डन नावाची छोटी बाग आहे. म्हातारी माणसं बसलेली असतात, मुलं खेळतात. जवळच जुन्या जंतुशास्त्र संस्थेच्या इमारतीत वैद्यकशास्त्राचं संग्रहालय आहे. मुंबईतही प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला; दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यातूनच झाल्या. हिंदू कॉलनीत राहणाऱ्या माणसानं ब्लेक गार्डनमध्ये पाच मिनिटं बसून यावं, असं मला वाटतं.

सिंगापूरमध्ये आपली माणसं

सिंगापूरमधला दुवा व्यापाऱ्यांपेक्षा कैद्यांचा आहे. १८२५ मध्ये सुमात्रामधल्या बेंकूलनहून हिंदी कैद्यांची पहिली तुकडी तिथं आली, आणि १८७३ पर्यंत हे चालू राहिलं. बंगाल, मद्रास आणि मुंबई, तिन्ही इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी तिथं जायचे. त्यांनी दलदल भरली, रस्ते केले. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांनी बांधलं. त्याच्या भिंतींच्या गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर होती. तो आपल्याकडचाच चुन्याचा प्रकार. आज राष्ट्राध्यक्षांचं अधिकृत निवासस्थान असलेली 'इस्ताना' ही वास्तूही त्यांच्याच हातची. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. पण अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याआधी तीस वर्षं सिंगापूर हेच काळं पाणी होतं.

शहराची आखणीही बघण्यासारखी. १८२२ च्या नगररचनेत रॅफल्सनं प्रत्येक जमातीला वेगळा भाग दिला. चिनी लोक नदीच्या पलीकडं, मलय आणि अरब कांपोंग ग्लाममध्ये, युरोपियन मधल्या चांगल्या जागी. प्रत्येक घरापुढं छत असलेली सलग वाट हवी, असा नियम केला. 'पाच फुटी वाट' म्हणतात तिला. पाऊस असो, ऊन असो, तुम्ही अर्धं जुनं शहर त्या वाटेनं फिरू शकता. सेरंगून रोडचा 'लिटल इंडिया' मात्र आखून झालेला नाही. तो गुरांच्या व्यापाराभोवती वाढला. म्हणून तिथल्या एका गल्लीचं नाव आजही बफेलो रोड आहे.

आणि मग १९४२. १५ फेब्रुवारीला जनरल पर्सिव्हलनं फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यात जपानी सेनापती यामाशितापुढं शरणागती पत्करली. पकडलेल्या फौजेत हजारो हिंदी सैनिक होते. त्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी कॅथे इमारतीत नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीची छावणी सुरू झाली. त्या मुलींपैकी बहुतेक मलायाच्या रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मुली होत्या. तांब्यांच्या मनूचं नाव त्यांनी कुठं उचललं बघा! आझाद हिंद सेनेचं एक स्मारक समुद्रकिनारी १९४५ मध्ये बांधलं गेलं, आणि ब्रिटिश परत आल्यावर त्यांनी ते सुरुंगानं उडवलं. १९९५ मध्ये सिंगापूर सरकारनं त्या जागी खुणेचा फलक लावला. एस्प्लनेड पार्कमध्ये तो आहे. दोन मिनिटं लागतात. बहुतेक टूरच्या बस तिथं थांबत नाहीत, तुम्ही थांबा.

दोन आगी आणि दोन शेवट

युद्धानंतर दोन्ही शहरं झोपड्यांनी भरली. हाँगकाँगमध्ये चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली, पन्नास हजारांवर माणसं एका रात्रीत बेघर झाली. तिथून सरकारी घरबांधणी सुरू झाली. सिंगापूरमध्ये २५ मे १९६१ ला बुकित हो स्वी इथं आग लागली, सोळा हजारांच्या आसपास लोक उघड्यावर आले, आणि नव्यानं झालेल्या गृहनिर्माण मंडळानं झपाट्यानं इमारती उभ्या केल्या. आज सिंगापूरचे तीन चतुर्थांशांहून जास्त नागरिक सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात, आणि बहुतेकांची ती स्वतःची आहेत. हाँगकाँगमध्ये निम्म्याच्या आसपास लोक सरकारी वा अनुदानित घरांत आहेत, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांची अवस्था मुंबईच्या पोटभाडेकरूसारखी.

फरक इथून पडतो. सिंगापूर १९६३ मध्ये मलेशियात सामील झालं आणि ९ ऑगस्ट १९६५ ला त्यातून बाहेर काढलं गेलं. ली क्वान यू टीव्हीवर रडले. मागं मुलूख नाही, पिण्याचं पाणीही शेजाऱ्याकडून. अशा वेळी नव्या राष्ट्रानं ठरवलं की आपली गोष्ट आपणच लिहायची आणि नीटनेटकी लिहायची. जुनी वस्ती मोठ्या प्रमाणावर पाडली. रस्त्यावरचे फेरीवाले १९७० नंतरच्या पंधराएक वर्षांत उचलून हॉकर सेंटरमध्ये बसवले. १९७७ ते १९८७ मध्ये नदी स्वच्छ केली. तिच्यासोबत मालाच्या पडावांची दीडशे वर्षांची वर्दळही गेली. मग लक्षात आलं की आता पाहुण्यांना दाखवायला काय उरलं? १९८९ मध्ये चायनाटाऊन, लिटल इंडिया, कांपोंग ग्लाम, बोट की हे भाग वारसा म्हणून राखले. आज तिथं रंगवलेली सुंदर घरं दिसतात. प्रत्येक कोपऱ्यावर माहितीचा फलक आहे, आणि तो बरोबरही असतो. हॉकर सेंटरची संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. सिंगापूरनं भूतकाळ पुसला, मग निवडून परत मांडला.

हाँगकाँगला स्वतःची गोष्ट लिहायची संधी तशी मिळालीच नाही. ९९ वर्षं संपत आली, १९८४ मध्ये लंडन आणि बीजिंग यांनी करार केला, आणि १ जुलै १९९७ ला शहर चीनकडं गेलं. त्या वाटाघाटींत हाँगकाँगच्या माणसाला खुर्ची नव्हती. म्हणून तिथं जुन्या वस्तूंवरून भांडणं होतात. २००६ च्या अखेरीस भरणीसाठी स्टार फेरीचा जुना धक्का आणि त्याचा घड्याळाचा मनोरा पाडला, तेव्हा तरुण मुलं तिथं ठाण मांडून बसली. मग शेजारच्या क्वीन्स पिअरसाठी उपोषण झालं. तोही गेला. गंमत बघा: पारशी माणसानं सुरू केलेल्या फेरीचा साधा काँक्रीटचा धक्का, पण चिनी मुलांना तो आपला वाटत होता. १९६६ मध्ये याच फेरीचं भाडं पाच सेंटनी वाढलं म्हणून दंगल झाली होती. रोजच्या वापरातल्या गोष्टीवर माणसाचा जीव असा जडतो.

मग जायचं कुठं?

माझं उत्तर असं. पहिल्यांदाच देशाबाहेर जात असाल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, आणि गोष्ट कुणीतरी नीट समजावून सांगावी असं वाटत असेल, तर सिंगापूर. तिथला इतिहास मांडून ठेवलेला आहे, सावलीतून चालत बघता येतो. फक्त फलकावर जे लिहिलेलं नाही, तेही विचारा. कॅथीड्रलच्या भिंतीला हात लावताना बांधणाऱ्याचं नाव कुठं दिसतं का, ते शोधा.

पण तुम्ही मुंबईचे, पुण्याचे असाल, शहर म्हणजे काय याची तुम्हाला थोडी ओढ असेल, तर मी हाँगकाँग म्हणेन. कारण तिथं इतिहास अजून वापरात आहे. फेरी चालते, १९०४ पासूनची ट्राम खडखडत जाते, विद्यापीठात तास होतात. आणि त्यातला बराचसा आपल्या पैशानं, आपल्या माणसांनी, आपल्या चांगल्या-वाईट कर्मांनी झालेला आहे. वापरातल्या गोष्टी लवकर जातात, हे मुंबईकराला सांगायला नको. गिरण्या डोळ्यांदेखत गेल्या. म्हणून दोन्हीपैकी एक निवडायचं असेल तर आधी हाँगकाँग. सिंगापूर तुमची वाट बघेल. त्यांनी तशी व्यवस्था केलेली आहे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*कोणत्या महिन्यात जावं?*

सिंगापूर विषुववृत्ताजवळ, त्यामुळं बारा महिने सारखंच: उकाडा आणि पावसाची सर. मे महिन्याची सुट्टी असेल तर तिकडं जा, आपल्याला सवय आहेच. हाँगकाँगला मे ते सप्टेंबर पाऊस आणि वादळं. दिवाळीची सुट्टी त्याच्यासाठी उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरात हवा कोरडी, आल्हाददायक. आणखी एक: हाँगकाँगचा सुमारे चाळीस टक्के भाग राखीव डोंगर-वनांचा आहे. ज्यांना सह्याद्रीत चालायची सवय आहे त्यांनी बूट न्यावेत. मात्र शहरातही चढ आणि पायऱ्या भरपूर, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

*आता हाँगकाँगमध्ये पूर्वीसारखं राहिलंय का?*

२०१९ मध्ये मोठी आंदोलनं झाली, जून २०२० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, आणि त्यानंतर उघडपणे बोलण्याची पूर्वीची मोकळीक उरलेली नाही. पर्यटकाला रोजच्या व्यवहारात ते फारसं जाणवत नाही. पण तिथल्या माणसाला राजकारणाचे प्रश्न विचारून अडचणीत आणू नका. इमारती, रस्ते, फेरी, बाग, दफनभूमी यांच्याकडं नीट बघितलंत तर पुष्कळ काही कळतं. आणि परत आल्यावर एकदा जे. जे. च्या दारात, नाहीतर ससूनच्या दारात उभं राहून तेच करा. तिकीट लागत नाही.